बिऱ्हाड खानदेशात हलवताना

१८१९ साली धुळ्यात २,५०९ माणसं राहत होती आणि घरं होती ४०१. आदल्याच वर्षी खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला होता. कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने पांझरेच्या दक्षिण काठावरचं हे लहानसं गाव जिल्ह्याचं ठाणं म्हणून निवडलं. लुटालूट आणि दुष्काळ यांनी मुलूख इतका ओस पडला होता, की कचेऱ्या बांधायला कारागीरसुद्धा लांबून आणावे लागले. लोक येऊन राहावेत म्हणून ब्रिग्जने घरासाठी जागा कायमची बिनभाड्याने दिली. पक्कं घर बांधायला उचलही दिली, आणि ती जुन्या रहिवाशांबरोबर परक्यांनाही मिळाली. १८७२पर्यंत वस्ती साडेबारा हजारांच्या जवळ गेली. म्हणजे आजचं धुळे उभं राहिलं तेच मुळी ‘तिकडे जागा स्वस्त आहे, चला’ म्हणून आलेल्या माणसांवर.

माणसं वसवण्यासाठी पैसे मोजण्याची रीत जगात अजूनही आहे. अमेरिकेतल्या टल्सा शहरात येऊन घरून काम करणाऱ्यांना २०१८पासून दहा हजार डॉलर मिळतात. जपान सरकारने २०२३ मध्ये टोकियो परिसर सोडणाऱ्या कुटुंबांचं अनुदान मुलामागे दहा लाख येनपर्यंत वाढवलं. जळगावला किंवा धुळ्याला येणाऱ्या तरुण जोडप्याला असं कोणी काही देत नाही. तरीही पुण्या-मुंबईत घरभाडं, पाळणाघर आणि शाळेची फी यांत पगार संपून जाणारी पुष्कळ घरं हा विचार करत असतात. त्यांतली बरीच मूळची खानदेशचीच. २०२०च्या टाळेबंदीत काहींनी गावाकडच्या घरी बसून लॅपटॉपवर नोकरी केली, आणि ऑफिसं उघडल्यावर ती परत गेली. तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला आहे: तिकडे खर्च किती कमी होईल?

हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की तिकडे गेल्यावर पैसा कुठून येणार? शहर स्वस्त आहे की महाग, हे त्याच्या उत्तरावर ठरतं.

काय स्वस्त होतं आणि काय नाही

शहरांच्या महागाईचं एक माप सरकारनेच करून ठेवलं आहे. केंद्र सरकार कर्मचाऱ्यांच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग करतं. ५० लाखांहून जास्त वस्तीची शहरं ‘एक्स’, ५ ते ५० लाखांची ‘वाय’ आणि त्याखालची सगळी ‘झेड’. २०११च्या जनगणनेत जळगावची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती आणि धुळ्याची ३ लाख ७५ हजार, म्हणून दोन्ही ‘झेड’मध्ये. पुणे आणि मुंबई ‘एक्स’मध्ये. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यावर २०२४पासून या वर्गांचे दर अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के झाले. मूळ पगार ६० हजार असेल तर पुण्यात भत्ता १८ हजार मिळतो, धुळ्यात ६ हजार. मूळ पगार आणि महागाई भत्ता मात्र दोन्हीकडे तेवढाच. याचा अर्थ, सरकारच्या हिशेबातसुद्धा लहान शहराची स्वस्ताई मुख्यतः डोक्यावरच्या छपरात आहे.

अर्थशास्त्रात याचं एक जुनं स्पष्टीकरण आहे. बेला बालासा आणि पॉल सॅम्युअलसन या दोघांनी १९६४ मध्ये वेगवेगळ्या लेखांतून ते मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर श्रीमंत आणि गरीब देश होते. ज्या वस्तू एका जागेवरून दुसरीकडे नेता येतात त्यांचे भाव सगळीकडे जवळपास सारखे होतात. जमीन, खोली, माणसाच्या हाताचं काम यांसारख्या जागेवरच वापरायच्या गोष्टी मात्र जिथे पगार मोठे तिथे महाग आणि जिथे पगार लहान तिथे स्वस्त राहतात. शहरांनाही हे लागू पडतं. जळगावात घरभाडं उतरेल. स्वयंपाकाच्या बाई, पाळणाघर, शिकवणी, रिक्षा, न्हावी, सुतार यांचे दर उतरतील. डायपरच्या पुड्यावर छापलेली किंमत, दुधाच्या पावडरीचा डबा, मोबाइलचा रिचार्ज आणि गाडीचा हप्ता मात्र तिथेही तेवढाच. पेट्रोलही जवळपास त्याच भावाचं. वाचेल ते अंतर लहान झाल्यामुळे.

म्हणून आपल्या घराचा गेल्या सहा महिन्यांचा खर्च काढून उतरणारा आणि न उतरणारा अशा दोन रकान्यांत मांडावा. ज्या घरात पाळणाघर आणि भाडं यांवरच अर्धा पगार जातो, त्याला खानदेशात मोठा फरक दिसेल. ज्या घराच्या खर्चाचा मोठा भाग कर्जाच्या हप्त्यांत आणि विकत आणायच्या वस्तूंत जातो, त्याला गाव बदलून फारसं काही हाती लागणार नाही.

रेल्वेचं जळगाव, रस्त्याचं धुळे

ही दोन शहरं बाहेरून पाहणाऱ्याला एकाच मापाची वाटतात. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले, पूर्व खानदेशचं ठाणं जळगाव आणि पश्चिम खानदेशचं धुळे. २००३ मध्ये दोन्हीकडे महानगरपालिका आली. दोघांतलं अंतर सुमारे ९० किलोमीटर. पण त्यांची घडण वेगळी आहे, आणि तिथे राहायला जाणाऱ्याला तो फरक रोज जाणवतो.

जळगाव वाढलं ते रेल्वेवर. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, इंग्लंडच्या गिरण्यांना खानदेशचा कापूस हवा झाला, आणि त्याच दशकात लोहमार्ग इथवर आला. पुढे सुरतेकडची लाइन जोडली गेली आणि जळगाव जंक्शन झालं. मुंबईपासून रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर, उत्तरेकडे आणि नागपूरकडे जाणाऱ्या मुख्य मार्गावर. भुसावळ हे रेल्वेचं मोठं ठाणं इथून पंचवीसेक किलोमीटर. आज शहराची कमाई सराफ बाजार, डाळमिल, प्लॅस्टिकच्या चटया, पाइप आणि ठिबकचे कारखाने यांच्यावर आहे. भवरलाल जैन यांनी उभी केलेली जैन इरिगेशन त्यांत सगळ्यांत परिचित. यावल-रावेरची केळी हे आसपासच्या गावांचं उत्पन्न, आणि तो पैसा फिरतो जळगावच्या दुकानांत.

धुळे रस्त्याचं. मुंबई-आग्रा महामार्ग, सुरतहून नागपूरकडे जाणारा महामार्ग आणि सोलापूरचा रस्ता इथे एकत्र येतात. नाशिक सुमारे १६० किलोमीटर, सुरत सव्वादोनशेच्या आसपास, इंदूर त्याहून थोडं पुढे. रेल्वे मात्र चाळीसगावहून आलेल्या फाट्यावरची. २०२३पासून मुंबईकडे थेट गाडी सुटू लागली एवढंच. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या लोहमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली आणि तो धुळ्यावरून जाणार आहे. पण होऊ घातलेल्या रेल्वेच्या भरवशावर आजचं घर घेऊ नये. वाहतूक, तेलगिरण्या, व्यापार, शाळा-कॉलेजं आणि दवाखाने हे धुळ्याचे रोजगार, आणि औद्योगिक वसाहती अवधान आणि नरडाण्याला.

महिन्यातून दोनदा मुंबईच्या ऑफिसात हजेरी लावायची असेल, तर रात्रीच्या गाडीने झोपून जाता येणारं जळगाव बरं पडतं. नाशिक, सुरत किंवा इंदूरमध्ये ग्राहक असणाऱ्या, स्वतःच्या गाडीने फिरणाऱ्या माणसाला धुळे सोयीचं. पुणं दोन्हीकडून लांबच. ट्रॅव्हल्सची रात्र चुकत नाही. जळगावला विमानतळ आहे, पण तिथली विमानसेवा गेल्या काही वर्षांत सुरू झाली, बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली. नोकरीची हजेरी तिच्यावर विसंबून ठेवू नये.

पगार तीन प्रकारचे

पहिला प्रकार बदलीचा. बँक, रेल्वे, विमा, सरकारी खाती यांतला माणूस तोच पगार घेऊन येतो. त्याला हे शहर खरोखर स्वस्त आहे.

दुसरा प्रकार घरून कामाचा. महानगराचा पगार आणि खानदेशचा खर्च, हा सगळ्यांत आकर्षक मेळ आणि सगळ्यांत नाजूक. कंपनीने एक ई-मेल पाठवून ऑफिसला बोलावलं की तो मोडतो. म्हणून नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण काय लिहिलं आहे, ठिकाण बदलल्यावर पगार बदलतो का, हे आधी लेखी विचारून घ्यावं. दोन वेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट, इन्व्हर्टर आणि सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक हा या मेळाचा भाग समजावा.

तिसरा प्रकार इथेच नवी नोकरी शोधण्याचा किंवा धंदा टाकण्याचा. इथे आकडे मांडल्याशिवाय पाऊल उचलू नये. समजा, पुण्यात दोघांचे मिळून ९० हजार येतात आणि भाडं, पाळणाघर, जाणं-येणं यांत ४० हजार जातात. उरले ५० हजार. जळगावात एकालाच नोकरी मिळाली, पगार ५५ हजार आणि तेच तीन खर्च १५ हजारांत भागले. उरले ४० हजार. खर्च निम्म्याहून खाली आला, तरी घर दर महिन्याला दहा हजारांनी मागे पडलं.

या उदाहरणात गळालेला पगार बहुतेक घरांत बायकोचा असतो. मोठ्या शहरात तिच्या शिक्षणाला साजेशा दहा जागा असतील तर इथे एखाद-दुसरी, आणि कामातला खंड लांबला की परतीचा रस्ता अरुंद होत जातो. त्यामुळे शहर निवडताना नवऱ्याची बदली पाहून मग ‘तुझं बघू’ असं म्हणण्यापेक्षा, ज्याला काम मिळणं अवघड त्याची सोय आधी पाहावी. शिक्षण, आरोग्य, बँकिंग, लेखापाल या कामांना दोन्ही शहरांत मागणी आहे. विद्यापीठ जळगावात आहे, १९९० साली स्थापन झालेलं आणि आज बहिणाबाई चौधरींच्या नावाने ओळखलं जाणारं. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय दोन्हीकडे आहे.

घर, पाणी आणि ऊन

खानदेशातला माणूस फ्लॅटपेक्षा प्लॉटचा विचार करतो. जळगावात महाबळ, गणेश कॉलनी, पिंप्राळा, धुळ्यात देवपूर, वाडीभोकर रोड, साक्री रोड अशा वस्त्यांत एक-दोन मजली घरं आणि रो हाऊस भरपूर दिसतात. पुण्याच्या भाड्यात इथे अंगणाचं घर मिळतं म्हणून पहिल्याच महिन्यात विकत घ्यायचा मोह होतो. तो आवरावा. भाड्याने राहताना करार नोंदवून घ्यावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. शाळेत २५ टक्के राखीव जागांचा अर्ज भरताना भाडेकरूला पत्त्यासाठी हाच करार लागतो. पुढे प्लॉट घेताना जमीन अकृषिक आहे का, लेआउट मंजूर आहे का, आणि जागा महापालिकेच्या हद्दीत येते का, हे तीन कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. दर ताडून पाहायला सरकारचा वार्षिक बाजारमूल्य तक्ता घरबसल्या मिळतो.

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत राहिलेल्यांना पाण्याची सवय नव्याने लावावी लागते. जळगावला वाघूर धरणाचं पाणी येतं, धुळ्याला तापी योजनेचं आणि नकाणे, डेडरगाव या तलावांचं. पण नळ रोज येईलच असं नाही, आणि धुळ्यात दोन पाळ्यांमधलं अंतर वर्षानुवर्षं मोठं राहिलं आहे. हा प्रश्न जुना आहे: एम. विश्वेश्वरय्या यांनी नोकरीच्या सुरुवातीला, १८८०च्या दशकात, केलेलं एक काम म्हणजे याच पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीजवळ पाणी पलीकडे नेणारा नळाचा सायफन. घर पाहायला गेल्यावर खोल्या मोजण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. नळ किती दिवसांनी येतो, जमिनीतली टाकी किती लिटरची, आणि बोअर मे महिन्यात चालतो का. उत्तर मालकाकडून नाही, शेजारणीकडून घ्यावं.

मग ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर जातो. हवा कोरडी असल्यामुळे इथे साधा कूलर उत्तम चालतो: ओल्या जाळीतून जाताना कोरडी हवा पाणी उडवते आणि त्यात तिची उष्णता खर्च होते. मुंबईच्या दमट हवेत पाणी फारसं उडत नाही, म्हणून तिथे कूलर निरुपयोगी. पण कूलर पाणी पितो, तेही नेमकं टंचाईच्या दिवसांत. एसी लावला तर महावितरणचे दर युनिटांच्या टप्प्यांप्रमाणे चढत जातात आणि मेचं बिल वाचवलेल्या भाड्यातून वाटा मागतं. वरच्या मजल्यावरचं, पश्चिमेकडे भिंत असलेलं घर भाड्याने स्वस्त मिळतं ते याच कारणाने.

हेच ऊन स्वतःचं छत असणाऱ्याला उपयोगी पडतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. मुंबईच्या फ्लॅटवाल्याकडे छत नसतं, इथल्या रो हाऊसवाल्याकडे असतं. दोन-चार वर्षांनी घर घ्यायचं ठरलं, तर हा हिशेबातला जमेचा आकडा.

शाळा आणि दाखला

शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या पाचव्या कलमाप्रमाणे मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. आधीच्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता किंवा लांबवता येत नाही. वयाचा मुद्दा जास्त अडचणीचा ठरतो. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात; केंद्रीय विद्यालयात ही तारीख ३१ मार्च आहे. ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल एका ठिकाणी पहिलीत बसतं, दुसरीकडे वर्षभर थांबतं. म्हणून मूल पहिलीत जायच्या आधीचा काळ हलण्यासाठी सगळ्यांत सोपा. पाचवी-सहावीपर्यंतही जमतं. आठवीनंतर मंडळ, माध्यम आणि मित्र तिन्ही एकदम बदलणं मुलाला जड जातं.

घर आणि शाळा महामार्गाच्या एकाच बाजूला असावीत, हा जळगावात राहणाऱ्यांचा अनुभवाचा सल्ला. तिथे सुरत-नागपूर महामार्ग शहराच्या मधून जातो आणि अवजड ट्रकांच्या रांगेतून सायकल काढणं मोठ्यांनाही अवघड. उन्हाळ्यात शाळा सकाळच्या होतात. दुपारी साडेअकरा-बाराला मूल घरी येईल तेव्हा घरात कोण असेल, हेही आताच ठरवावं.

शाळेबाहेर मुलाला जे मिळतं त्याची किंमत लावता येत नाही, पण यादी करता येते. मेहरूण तलाव, जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, तासा-दीड तासावर अजिंठा. धुळ्यात लळिंगचा किल्ला आणि राजवाडे संशोधन मंडळ. आणि भाषा: २०११च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा ‘खानदेशी’ या नोंदीत येणारी सांगितली. पुण्यात वाढलेलं मूल वर्गात अहिराणी ही इथली बोली ऐकून आधी गोंधळतं, मग चार महिन्यांत आजीशी तिच्याच बोलीत बोलायला लागतं.

दवाखाना आणि माणसं

लहान मूल असणाऱ्या घराने पोचल्यावर पहिल्या आठवड्यात बालरोगतज्ज्ञ शोधावा. लसीकरणाचं कार्ड सोबत असलं की उरलेले डोस इथल्या सरकारी केंद्रातही पुढे चालू राहतात. रोजचे आजार, प्रसूती, नवजात बाळांची काळजी यांसाठी दोन्ही शहरांत चांगली सोय आहे. मुलाला हृदयाचा, मेंदूचा किंवा रक्ताचा दुर्मीळ आजार असून तपासण्या सतत लागत असतील, तर नाशिक-मुंबईच्या फेऱ्या ठरलेल्या. अशा घराने स्वस्ताईसाठी हलू नये.

आजी-आजोबा गावी असणं ही खानदेशात परतणाऱ्यांची मोठी जमेची बाजू. पण तिला किंमत आहे. पुण्यातला मोकळेपणा इथे कमी होतो, सून काय करते यावर चार घरांची नजर असते. नागपंचमीनंतर कानबाई ही देवी घरी बसली की रोटांच्या कार्यक्रमाला भाऊबंद एकत्र येतात आणि तुम्ही ‘आम्हाला सुट्टी नाही’ म्हणू शकत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी येतात, हिवाळ्यात भरताच्या पंगती होतात, लग्नांचे आहेर वाढतात. नात्यांचा हा खर्च महिन्याच्या यादीत लिहिला नाही तर वर्षअखेरीस कोडं पडतं, की भाडं तर कमी झालं, पैसे गेले कुठे. त्याच नात्यांमुळे ताप आलेल्या मुलाजवळ बसायला कोणीतरी असतं, हेही खरं. दोन्ही बाजू एकाच वहीत लिहाव्यात.

ठरवण्याचा क्रम

पाहायला मे महिन्यात यावं. डिसेंबरातलं जळगाव सगळ्यांनाच आवडतं. भरीत, कळण्याची भाकरी आणि गार वारा यांच्यापुढे कोणीही हो म्हणेल. पंधरा दिवस उन्हात, नळाच्या पाळीवर, रोज ऑफिसचं काम करत राहिलं की खरी कल्पना येते. मग वर्षभर भाड्याने. पुण्यात स्वतःचं घर असेल तर ते विकू नये, भाड्याने द्यावं. नोकरी गेली तर परतायला जागा राहते. मतदार यादीतला पत्ता बदलायला नमुना ८, गॅस, बँक, आधार ही कामं करार नोंदवल्यावर एका आठवड्यात उरकावीत. रेशन देशभरात कुठेही घेता येतं, त्याची घाई नाही.

आणि फरक राहील तो पहिल्याच महिन्यात नावाने बाजूला काढावा: काही मुलाच्या पुढच्या शिक्षणाला, काही परतीच्या शक्यतेला, काही बायकोच्या नव्या अभ्यासक्रमाला किंवा धंद्याला. लहान शहरात हातात राहणारा पैसा दिसतो म्हणून सहज खर्चही होतो. मोठी गाडी, मोठं लग्न, दुसरा प्लॉट. वर्षाच्या शेवटी शिल्लक वाढली नसेल, दोघांपैकी एकाचं काम बंद पडलं असेल, तर भाडं कितीही कमी असो, ते शहर त्या घराला महागच पडलं. शिल्लक वाढली असेल, दोघांनाही काम असेल आणि संध्याकाळी सातला सगळे घरी जेवायला बसत असतील, तर प्लॉटची चौकशी सुरू करायला हरकत नाही.